डॉज चॅलेंजर : ६.४ लिटर घ्यावी की हेलकॅट? आणि मस्टँग सोडून हीच का?

ओहायोवासी

सप्रेम नमस्कार, मंडळी. मी कोलंबसला राहतो आणि येत्या उन्हाळ्यात वापरलेली डॉज चॅलेंजर घ्यायचा विचार करतो आहे. २००८ साली आलेली आणि २०२३ च्या डिसेंबरात कॅनडातील ब्रॅम्प्टनच्या कारखान्यात जिचे उत्पादन थांबले, त्या पिढीतली, आणि शक्यतो २०१५ नंतरची गाडी हवी आहे. ५.७ लिटरची आर/टी, ६.४ लिटरची स्कॅट पॅक आणि सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप) असलेली ६.२ लिटरची हेलकॅट असे तीन पर्याय समोर आहेत. घरात आम्ही दोघे आणि शाळकरी मुलगी आहे. रोजच्या कामासाठी दुसरी गाडी आहे. ही शनिवार-रविवारी आणि लांबच्या प्रवासाला काढायची आहे. मित्र फोर्डच्या मस्टँगचा आग्रह धरतात, कारण ती हलकी आहे आणि वळणांवर अधिक चपळ आहे, आणि ते मलाही मान्य आहे. तरीही मन चॅलेंजरकडेच ओढ घेते. निव्वळ रूपावर भाळून मी चुकीची निवड तर करत नाही ना? आणि हीच घ्यायची ठरल्यास इंजिन कोणते घ्यावे? जाणकारांनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

मिशिगनकर

मी वाहन उद्योगात सस्पेन्शनचे काम करतो, त्यामुळे सुरुवात वजनापासून आणि मापांपासून करतो, कारण चॅलेंजरचा सारा स्वभाव तिथेच ठरलेला आहे. ही गाडी चार्जर आणि क्रायस्लर ३०० या मोठ्या सेडानांच्या सांगाड्यावर, चाकांमधले अंतर चार इंचांनी कमी करून उभी केलेली आहे आणि त्या सांगाड्याच्या सस्पेन्शनची मुळे डेमलर व क्रायस्लर एकत्र असतानाच्या काळातील मर्सिडीजपर्यंत जातात. चार इंच कापूनही हे अंतर, म्हणजे व्हीलबेस, २९४६ मिलिमीटर भरतो, तर मस्टँगचा २७२० आहे. म्हणजे पुढची आणि मागची चाके एकमेकांपासून जवळजवळ पाऊण फूट अधिक दूर आहेत. स्कॅट पॅकचे वजन १९०० किलोच्या पुढे जाते आणि हेलकॅट तर दोन टनांची आहे.

आता याचे रस्त्यावर काय होते ते पाहा. घाटासारख्या सलग वळणांवर स्टिअरिंग फिरवल्यानंतर नाक वळायला क्षणभर वेळ घेते, शरीर एका बाजूला झुकते आणि पुढच्या टायरांवर इतका भार येतो की घाई केल्यास गाडी वळणाबाहेर सरकू पाहते. मस्टँग आणि शेव्रोलेची कॅमेरो इथे निर्विवाद सरस आहेत. पण तीच लांबी आणि तेच वजन महामार्गावर तुमच्या कामी येते : पुलांचे सांधे आणि उखडलेले काँक्रीट ती शांतपणे गिळते, बाजूच्या वाऱ्याने विचलित होत नाही आणि सहा तासांच्या प्रवासानंतरही पाठ दुखत नाही. तुमचा वापर लांबच्या प्रवासाचा असेल, तर तुम्ही रूपावर भाळलेले नाही, योग्यच गाडीकडे पाहत आहात.

इंजिनाविषयी माझे मत स्पष्ट आहे : ६.४ लिटर घ्या. ४८५ अश्वशक्ती आणि सुमारे ६४४ न्यूटन-मीटर टॉर्क ही ताकद कोणत्याही सुपरचार्जरविना, केवळ मोठ्या सिलिंडरांच्या जोरावर मिळते. मस्टँगच्या पाच लिटर इंजिनात प्रत्येक बाजूला दोन कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारे फिरते शाफ्ट) आणि प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह आहेत. त्याला मिनिटाला ७००० फेऱ्यांपर्यंत पळवले की त्याची खरी मजा येते. चॅलेंजरच्या हेमी इंजिनात एकच कॅमशाफ्ट ब्लॉकच्या पोटात बसतो, दांड्यांच्या मदतीने सिलिंडरमागे दोनच व्हॉल्व्ह हलवतो आणि स्पार्क प्लग मात्र प्रत्येकी दोन, म्हणजे एकूण सोळा असतात. रचना जुन्या वळणाची आहे, पण ॲक्सिलरेटरवर पाय टेकताच, इंजिन फारसे न ओरडता, जो भरदार जोर मिळतो, तो इतक्या वजनाच्या गाडीला अगदी शोभतो. जर्मन बनावटीच्या रचनेचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक त्याच्याशी उत्तम जुळतो आणि सपाट महामार्गावर चार सिलिंडर आपोआप बंद होत असल्यामुळे अधिकृत आकड्यांप्रमाणे गॅलनला २४ मैल मिळतात. शहरात ते १५ वर येतात.

हेलकॅटचे तंत्र विलक्षण आहे, यात वाद नाही. ६.२ लिटर इंजिनावर दोन मळसूत्री रोटरांचा सुपरचार्जर, सुरुवातीला ७०७ आणि २०१९ पासून ७१७ अश्वशक्ती; लाल किल्ली लावली तरच ही पूर्ण ताकद मिळते, काळीने ती ५०० वर रोखली जाते. कंपनीने पाव मैलाचा अधिकृत वेळ नेहमीच्या टायरांवर ११.२ सेकंद आणि ड्रॅगच्या टायरांवर १०.८ दिला होता. केवळ टायर बदलून जो फरक पडतो, त्यातच या गाडीची खरी अडचण दिसते : ताकद आहे, पण ती मागच्या दोन चाकांमधून रस्त्यावर उतरत नाही. २०१८ च्या डीमन या चॅलेंजरच्याच ड्रॅग शर्यतीच्या आवृत्तीत अभियंत्यांनी याच प्रश्नावर काम केले, आणि रुंद ड्रॅग टायर, सुटताना वजन मागे ढकलणारे सस्पेन्शन व एसीच्या वायूने थंड केलेली हवा यांच्या बळावर ती ९.६५ सेकंदांवर आणली. अभियंता म्हणून मला त्या कामाचा मनापासून आदर वाटतो. मात्र मुलीला घेऊन सिनसिनाटीला जाताना त्याचा काहीही उपयोग नाही.

रेषा_आणि_रंग

मिशिगनकरांनी रूपाचा प्रश्न एका वाक्यात मिटवला, म्हणून थोडे लिहिते. २००६ च्या जानेवारीत डेट्रॉइटच्या प्रदर्शनात हिचा नमुना मांडला गेला, तेव्हा १९७० च्या चॅलेंजरशी असलेले साम्य लपवण्याचा कोणताही प्रयत्न नव्हता. लांब आणि सपाट बॉनेट, आखूड शेपूट, काळ्या जाळीत खोल बसवलेले चार गोल दिवे आणि मागचा पूर्ण रुंदीचा दिवा हे सगळे थेट जुन्या गाडीतले आहे. मला सर्वांत जास्त आवडते ती दाराच्या वरच्या भागातली कड : पुढच्या चाकापासून ती सरळ येते आणि दार संपता संपता उचलून मागच्या चाकावर चढते. दुपार कलल्यावर गाडी बाजूने पाहा. त्या कडेखालचा पत्रा सावलीत जातो आणि मागचा खांदा वेगळा उठून दिसतो. २०१५ च्या बदलात जाळी मधून दुभंगली आणि मागचा दिवाही दोन भागांत विभागला, तो १९७१ च्या गाडीचा धागा आहे. हेलकॅटमध्ये तर चालकाच्या बाजूचा आतला दिवा पोकळ ठेवून त्यातून इंजिनाला हवा दिली आहे. अशी कामाची सजावट मला मनापासून भावते.

याची किंमतही आहेच. खिडक्या अरुंद आणि मागचा खांब इतका जाड आहे की उजवी लेन बदलताना मान वळवूनही बरेच दिसत नाही. ब्लाइंड स्पॉटची सूचना देणारी यंत्रणा असलेलीच गाडी घ्यावी.

वाळवंटातला_वाटसरू

मी फिनिक्सला राहतो आणि स्कॅट पॅक वापरतो. ओहायोवासींच्या कुटुंबाच्या दृष्टीने दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. मागे तिघांची जागा आहे, डिकी सुमारे ४५९ लिटरची आहे आणि मस्टँगच्या मागच्या बाकावर ज्या मुलांचे गुडघे अडतात, ती इथे आरामात बसतात. मात्र दारे फार लांब असल्याने अरुंद पार्किंगमध्ये मुलीला मागे बसवताना शेजारच्या गाडीला दार लागणार नाही, याकडे लक्ष द्यावे लागते.

विम्याची चौकशी गाडी ठरवण्याआधी करा. या गाड्या चोरांच्या विशेष आवडीच्या आहेत आणि हेलकॅटचा हप्ता ऐकून अनेकांचा विचार बदलतो. डॉजने २०२१ मध्ये ६.४ लिटर आणि सुपरचार्जरवाल्या गाड्यांसाठी विनामूल्य सॉफ्टवेअर दिले, ज्यात चार आकडी संकेतांक टाकल्याशिवाय इंजिन तीन अश्वशक्तीही देत नाही. जुन्या मालकाने ते घालून घेतले आहे का, हे विचारा.

कोथरूडचा_वाचक

अशी गाडी परतताना भारतात आणता येईल का?

मिशिगनकर

नाही. आयात होणाऱ्या वापरलेल्या गाडीचे स्टिअरिंग उजवीकडे असावे लागते आणि ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. चॅलेंजर कारखान्यातून केवळ डाव्या स्टिअरिंगचीच निघत असे.

ओहायोवासी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. स्कॅट पॅक पक्की केली. गाडी पाहायला गेल्यावर इंजिनात नेमके काय तपासावे, आणि आमच्याकडच्या हिवाळ्यात ती चालवता येईल का?

मिशिगनकर

विक्रेत्याला आधीच सांगून ठेवा की इंजिन पूर्ण थंड असताना ते तुमच्यासमोर सुरू करायचे आहे. बॉनेट उघडे ठेवून दोन्ही बाजूंना कान द्या. सुरू होताच टकटक ऐकू आली आणि इंजिन तापल्यावर ती विरली, तर बहुधा एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा बोल्ट तुटलेला असतो, कारण धातू प्रसरण पावला की फट बुजते. ही दुरुस्ती होण्यासारखी आहे, तेवढी किंमत कमी करून घ्या. तापल्यावरही टकटक टिकून राहिली, तर कॅमशाफ्ट आणि त्यावरून व्हॉल्व्ह हलवणारे लिफ्टर झिजल्याची शक्यता धरा आणि ती गाडी सोडून द्या. तेल कधी बदलले याच्या पावत्या मागा.

हिवाळ्याचे म्हणाल, तर उन्हाळी टायर सात अंश सेल्सियसच्या खाली कडक होऊन पकड सोडतात, म्हणून हिवाळी टायरांचा वेगळा संच लागेलच. चारही चाकांना ताकद देणारी चॅलेंजर फक्त व्ही ६ इंजिनासोबत मिळत होती. तुमच्याकडे दुसरी गाडी आहे, तेव्हा रस्त्यावर मीठ पडू लागले की हिला गॅरेजमध्ये ठेवा आणि बॅटरीला मंद चार्जर जोडून ठेवा. बॅटरी डिकीत असते.