कोरोना, केमो आणि वॉर्ड: कामाच्या माणसांच्या नोंदी

कॅन्सरच्या रुग्णाला किंवा त्याच्या वॉर्डातल्या कर्मचाऱ्याला कोरोना झाला तर काय करायचं आणि कुठं चुकतं, ते लिहा, असं आम्ही या कामातल्या माणसांना सांगितलं. आपबीती नको, मापं, वेळा, कारणं हवीत. बीड, परभणी, हिंगोलीहून संभाजीनगरला केमो घेऊन गावी परतणाऱ्याच्या हाती असा कागद असायला हवा.

डे केअरच्या सिस्टर, संभाजीनगर

केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. औषधागणिक दिवस थोडे मागंपुढं. या काळात १००.४ फॅरनहाइट ताप आला की अंगावर काढायचा नाही, रात्र असली तरी निघायचं. "कोरोनाच असंल, उतरंल चार दिवसात" ही सगळ्यात महागात पडणारी समजूत. काउंट (पांढऱ्या पेशींचा आकडा) पडलेला असताना जिवाणूंचा संसर्ग काही तासांत रक्तात पसरू शकतो. कोरोना पॉझिटिव्ह आला म्हणून जिवाणू नाहीतच, असं होत नाही. दोन्ही एकदम असू शकतात. दवाखान्यात पोचल्यापासून तासाभरात अँटिबायोटिक लागायला हवं. त्याआधी ब्लड कल्चरसाठी (रक्तात जंतू आहेत का ते बघायला) रक्त काढायचं. आरटीपीसीआरच्या रिपोर्टची वाट मात्र पाहायची नाही.

ताप मोजायच्या आधी पॅरासिटामॉल दिली की आकडा खोटा येतो. केमोनंतर उलटीसाठी दोन-तीन दिवस डेक्सा (डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड) चालू असते, तीही ताप झाकते. तेव्हा ताप नाही पण थंडी वाजतेय, गळाठा आलाय, लघवी कमी झालीय, तर तेही तापाइतकंच गंभीर धरा. गुदद्वारात थर्मामीटर किंवा सपोझिटरी (तिथं ठेवायची औषधाची कांडी) नको. तिथल्या बारीक जखमेतून जंतू आत जातात.

अपघात विभागाच्या दारातच सांगायचं: "केमो चालू आहे, शेवटची अमुक तारखेला झाली." नाहीतर तापाच्या रांगेत नंबर लागतो आणि तो तास तिथंच जातो.

लॅबमधून, परभणी

सीबीसीत (रक्तपेशींच्या तपासणीत) नुसता पांढऱ्या पेशींचा एकूण आकडा बघू नका, त्यातल्या जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल किती ते काढा. पांढऱ्या पेशी १८००, न्यूट्रोफिल २५ टक्के, तर १८०० चे २५ टक्के म्हणजे ४५०. पाचशेच्या खाली, धोका मोठा. एकूण १८०० वाचून "जरा कमी आहे" म्हणत घरी पाठवणं इथंच घडतं.

ऑक्सिमीटर लावताना मेंदी, नेलपॉलिश नको. हात गार असेल तर चोळून ऊब आणा, आकडा स्थिर होईपर्यंत अर्धा-एक मिनिट थांबा. ९४ च्या खाली गेला की निघा.

लाईटच्या मशीनवरून

तोंडाच्या कॅन्सरला शेक (लाईट, म्हणजे रेडिएशन) देताना चेहऱ्यावर साचा बसवतात, त्याखाली रुग्णाला मास्क घालता येत नाही. म्हणून टेक्निशियनला एन-९५ हवाच. पॉझिटिव्ह रुग्ण दिवसाच्या शेवटी घ्यायचा, मग टेबल, साचा, हँडल पुसून खोली हवेशीर करायची. शेक आपल्या मनानं मध्येच तोडू नका. खंड पडला की गाठीला वाढायला वाव मिळतो. थांबवायचा की नाही, हे डॉक्टरनंच ठरवायचं. गळ्याला भोक असलेल्याच्या नाकावर मास्क लावून अर्धंच काम होतं, श्वास गळ्यातून चाललेला असतो. तिथंही आवरण हवं. त्याचं सक्शन करताना तुषार उडतात, तेव्हा चेहऱ्यावर शील्ड लावाच.

सफाई विभाग, लातूर

हायपोक्लोराइट ५ टक्क्यांचं असेल तर एक भाग त्यात चार भाग पाणी, म्हणजे १ टक्का झालं. १० टक्क्यांचं असेल तर नऊ भाग पाणी. कॅनवरचं लेबल वाचल्याशिवाय माप काढू नका. रोज ताजं करायचं, फरशीवर दहा मिनिटं राहू द्यायचं. संडासच्या ॲसिडमध्ये मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो. माणसाच्या अंगावर तर मारायचंच नाही. २०२० मध्ये जिथंतिथं फवारे मारले, त्यानं डोळे तेवढे चुरचुरले.

स्टाफबद्दल, नांदेड

पीपीई घालून वॉर्डात उभं राहण्यापेक्षा ती काढताना आणि डबा खाताना संसर्ग सहज होतो. काढताना आधी ग्लोव्हज, मग गाऊन, हात धुणे, गॉगल, पुन्हा हात, सगळ्यात शेवटी मास्क. मास्कचा खालचा पट्टा आधी, वरचा नंतर. पुढच्या भागाला हात नाही. खरी गोची चहाच्या खोलीत: खिडकी बंद, एसी चालू, सहा जणी मास्क उतरवून गप्पा मारत बसलेल्या. दोन-दोन करून जेवा. दाढी असलेल्याचा एन-९५ बसत नाही, कडेनं हवा जाते.

रुग्णवाहिका

ऑक्सिजनच्या बी टाइप सिलिंडरमध्ये १५०० लिटर. मिनिटाला ५ लिटर लावलं तर ३०० मिनिटं, म्हणजे पाच तास. नांदेडहून संभाजीनगरला तेवढा वेळ रस्त्यातच जाऊ शकतो, वर भरती होईपर्यंत गाडीतच थांबावं लागतं ते वेगळं. मिनिटाला १० लागलं तर अडीच तासात रिकामं. दोन भरलेले घ्या, नाहीतर जम्बो, ७००० लिटरचा. काटा अर्ध्यावर म्हणजे गॅस अर्धाच.

घरी विलगीकरणात

एक गोष्ट हटकून विसरते: केमोसाठी हातातून शिरेत बसवलेली पीआयसीसी नळी दर आठवड्याला फ्लश करावी (औषधी पाण्यानं धुवावी) लागते. विलगीकरणात कोणी आलं नाही तर ती बंद पडू शकते. सिस्टरची सोय आधीच करून ठेवा. स्तनाच्या कॅन्सरमध्ये एका बाजूच्या बगलेतल्या गाठी काढलेल्या असतील तर लस, सुई, बीपी, सगळं दुसऱ्या हाताला.