मुलीच्या पाठीच्या कण्याच्या शस्त्रक्रियेत दांडा कोणत्या धातूचा असावा?

प्रश्न : माझ्या चौदा वर्षांच्या मुलीच्या कण्याचा बाक ५४ अंशांचा असून शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला आहे. टायटॅनियम आणि कोबाल्ट-क्रोम यांपैकी कणा सरळ धरून ठेवणारा दांडा कोणत्या धातूचा निवडावा, आणि ज्यात कणा सांधला जात नाही (म्हणजे मणके एकमेकांना कायमचे जोडले जात नाहीत), तर मणक्यांना लवचिक दोरी बसवली जाते, अशा दोरीच्या पद्धतीचा विचार करावा का?

उत्तर १ : मी अस्थिशल्यचिकित्सक आहे. कोबाल्ट-क्रोम टायटॅनियमपेक्षा ताठ असतो. त्यामुळे बाक सरळ करताना दांड्याला दिलेला आकार तो अधिक टिकवतो, विशेषतः छातीच्या भागातील कण्याची नैसर्गिक गोलाई परत आणायची असेल तेव्हा. उलट, पुढे एमआरआय करावा लागल्यास टायटॅनियममुळे प्रतिमा कमी बिघडते. दांडा मणक्यांना जोडणारे स्क्रू मात्र बहुधा टायटॅनियमच्या मिश्रधातूचेच असतात. माझ्या मते धातूइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व किती मणके सांधायचे या निर्णयाला आहे.

उत्तर २ : दोरीच्या पद्धतीला अमेरिकेत २०१९ मध्ये मर्यादित मान्यता मिळाली, परंतु ती हाडांची वाढ शिल्लक असलेल्या मुलांसाठीच आहे. मुलीची पाळी सुरू होऊन बराच काळ लोटला असेल, तर हाडांची वाढ फारशी उरलेली नसते आणि या पद्धतीचा उपयोग फारसा होणार नाही. शिवाय दोरी तुटू शकते.

उत्तर ३ : माझ्या मावशीच्या पाठीत हॅरिंग्टन दांडा, म्हणजे जुन्या पद्धतीचा दांडा आहे. तो कणा ताणून सरळ करी, पण कमरेची नैसर्गिक खोलगट गोलाईही सपाट करून टाकी. म्हणून उभे राहताना तोल कसा राहील, हेही डॉक्टरांना अवश्य विचारा.

प्रश्नकर्ती : आभारी आहे. हाताच्या एक्स-रेवरून वाढीचा अंदाज घेण्याविषयी उद्याच विचारते.