मदत हवी आहे : काकांची १९७१ची फियाट विंटेजमध्ये टाकावी का?

आमच्या काकांकडे कुर्ल्यात बनलेली फियाट ११०० आहे, गिअर स्टिअरिंगपाशी. कार्बोरेटर स्वतः उघडून साफ करतात, शेजाऱ्यांना हात लावू देत नाहीत! पण दर रविवारी त्याच गाडीतून वस्तीतल्या आजी-आजोबांना नेत्रशिबिराला नेऊन आणतात, पेट्रोलही स्वतःचंच.

आता नोंदणीची मुदत संपतेय. ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१च्या नियमांत विंटेज नोंदणी आहे, पुनर्नोंदणीला ५,००० रुपये. मात्र मग गाडी रोज वापरता येत नाही. रॅली, प्रदर्शन, इंधन, दुरुस्ती एवढंच. शिबिराच्या फेऱ्या बंदच की!

साध्या नूतनीकरणासाठी फिटनेस तपासणीत एवढी जुनी गाडी कुणी पास करून घेतलीय का? आणि सोलेक्स कंपनीच्या कार्बोरेटरचं दुरुस्ती किट पुण्यात कुठे मिळेल?