‘प्रायव्हसी’ला मराठीत काय म्हणायचं? (आणि ‘फ्री स्पीच’, ‘सर्व्हेलन्स’लाही)

वाटसरू: डिजिटल हक्कांवर कॉलेजात वाटायला दोन पानी मराठी पत्रक करतोय. मसुदा हिंदीवरून आलाय, त्यात जागोजागी ‘निजता का अधिकार’. मराठीत ‘निजतेचा हक्क’ छापलं तर पोरं म्हणतील, झोपायचा हक्क मागताय का? पेपरवाले ‘गोपनीयतेचा अधिकार’ लिहितात. तोच ठेवू? ‘फ्री स्पीच’ आणि ‘सर्व्हेलन्स’लाही शब्द सुचवा.

दप्तरदार: गोपनीयता नको. तो दप्तरातला शब्द आहे. मंत्री शपथ घेतात ती पदाची आणि गोपनीयतेची. कर्मचाऱ्याच्या वार्षिक अहवालाला ‘गोपनीय अहवाल’ म्हणत, पाकिटावरचा शिक्का ‘गोपनीय’. सांगायचं नाही असं काहीतरी आहे, हे त्यात गृहीतच. नागरिकाने ‘मला गोपनीयता हवी’ म्हटलं की समोरचा लगेच विचारणार, ‘लपवण्यासारखं काय आहे तुझ्याकडे?’ अहो, लपवण्यासारखं काही नसतं तरी आपण न्हाणीघराला कडी लावतोच ना!

‘खासगीपणा’ घ्या. मूळ शब्द अरबी ‘खास’, आला फारसीतून, पण मराठी राज्यकारभारात चांगला मुरलेला. होळकरांकडे ‘दौलत’ वेगळी आणि ‘खासगी’ वेगळी असे. दौलत राज्याची, खासगी राणीच्या हाताखालची. अहिल्याबाईंच्या धर्मकार्याशी जोडलेला खासगी ट्रस्ट आजही हेच नाव लावतो. राज्याचा हात कुठे थांबतो, हे सांगणारा शब्द आपल्याकडे आधीपासून असताना उसना कशाला आणायचा?

तिखटमीठ: इतिहास छान, पण आज ‘खासगी’ म्हटलं की डोळ्यांपुढे येते खासगी बस, खासगी क्लास, खासगी दवाखाना. ‘खासगीकरण’ तर विचारूच नका. ‘खासगीपणाचा हक्क’ वाचून आमच्या कामगार संघटनेतले निम्मे लोक मोर्चा उलट दिशेने काढतील. आणि खासगी की खाजगी, ते आधी ठरवा.

दप्तरदार: दोन्ही चालतात. मी ‘स’ लिहितो, कारण मूळ ‘खास’.

काळाकोट: ‘निजते’ला हसू नका, झोपेचा मुद्दा खरोखरच या खटल्यांमध्ये आहे. १९६२ चा खरकसिंग खटला बघा. उत्तर प्रदेशच्या पोलीस नियमांत पाळतीखालच्या माणसाच्या घरी रात्री जायची मुभा होती. सुप्रीम कोर्टाने ते रात्रीचं येणं, दार ठोठावून झोपेतून उठवणं घटनाबाह्य ठरवलं. पण खासगीपणा हा घटनेने दिलेला हक्क नाही, असंही त्याच निकालात म्हणून ठेवलं. ते खोडायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडला. पुट्टस्वामी खटला, नऊ न्यायमूर्ती, सगळ्यांचं एकमत. वाद मुळात आधारवरून पेटला होता आणि असा मूलभूत हक्कच नाही, हा युक्तिवाद खुद्द केंद्र सरकारचा होता. बाकी झोपेचा हक्कही २०१२ मध्ये दिल्लीच्या रामलीला मैदानाच्या प्रकरणात (झोपलेल्या आंदोलकांवरची पोलीस कारवाई) मान्य झालाय, तेव्हा पोरांना सांगा, तोही आहे!

‘सर्व्हेलन्स’ला ‘पाळत’. यावर चर्चा नकोच. २०२१ मध्ये पेगाससच्या, म्हणजे फोनमध्ये गुपचूप शिरणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, बातम्यांत सगळीकडे ‘हेरगिरी’ छापलं, ते मला खटकलं. हेर परक्या मुलखात पाठवतात. आपल्याच माणसांवर ठेवतात ती पाळत.

जुनीवही: ‘फ्री स्पीच’ला आमच्या वेळी ‘आविष्कारस्वातंत्र्य’ म्हणत. १९७५ च्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत आणीबाणीविरुद्ध उभ्या राहिल्या, त्या काळातला शब्द. पण आता हिंदीमुळे ‘आविष्कार’ म्हणजे यंत्राचा शोध वाटतो मुलांना. तेव्हा ‘अभिव्यक्तिस्वातंत्र्य’च लिहा. फक्त ते काढून घेतलं जातं तेव्हा ‘निर्बंध’ असलं गुळमुळीत लिहू नका. ‘मुस्कटदाबी’ लिहा.

काळाकोट: पत्रकात माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ येणार असेल तर तिथे शब्दांना जपा. ते कलम शब्दांवरच पडलं. संगणकावरून पाठवलेल्या मजकुराने कुणाला ‘अ‍ॅनॉयन्स’ किंवा ‘इनकन्व्हीनियन्स’ झाला, तरी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती. मराठीत करून बघा: वैताग आणि गैरसोय. वैताग कुणाला कशाने येईल, सांगता येतं का? नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना बाळासाहेबांच्या निधनानंतरच्या मुंबई बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं म्हणून अटक झाली. एकीने लिहिलं होतं, दुसरीने ते लाइक केलं होतं. त्यानंतर श्रेया सिंघल ही कायद्याची विद्यार्थिनी कोर्टात गेली आणि २४ मार्च २०१५ ला ते कलम रद्द झालं. निकालात तीन पायऱ्या आहेत: चर्चा, पुरस्कार, चिथावणी. पहिल्या दोन कितीही न आवडत्या असल्या तरी चालतील, सरकारला हात घालता येतो तो तिसरीवर. ‘पुरस्कार’ इथे बक्षीस नव्हे, एखाद्या मताचा पुरस्कार करणे या अर्थाने. मुलांना हे फोडून सांगा, नाहीतर घोळ होईल.

पाणंद: मी माहिती अधिकारात काम करते. तुमच्या यादीतला सगळ्यात धोकादायक शब्द कुणी घेतलाच नाही: ‘वैयक्तिक माहिती’. रस्त्याच्या कामाची बिलं मागितली, लाभार्थ्यांची यादी मागितली, की उत्तर येतं ‘वैयक्तिक माहिती असल्याने देता येत नाही’. पूर्वी माहिती अधिकार कायद्याच्या ‘आठ एक जे’मध्ये, म्हणजे कलम ८(१)(जे)मध्ये, निदान एवढं तरी होतं की माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नसेल किंवा विनाकारण खासगी आयुष्यात डोकावणं होत असेल, तरच नकार. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ४४(३)ने ती अटच काढली. आता नुसतं ‘वैयक्तिक’ म्हटलं की पुरे. सार्वजनिक हिताचं कलम ८(२) अजून आहे, पण त्यासाठी अपिलात भांडत बसा. खासगीपणा नागरिकाचा असतो, ठेकेदाराच्या बिलाचा नसतो, हे पत्रकात ठळक टाका.

तिखटमीठ: हे पटलं. मग ‘खासगीपणा’ला माझी हरकत मागे, पण एका अटीवर: मथळ्यात नुसता शब्द टाकू नका, वाक्य टाका.

वाटसरू: मथळा असा केलाय: ‘माझं खासगी आयुष्य ही सरकारची दौलत नाही, कंपनीचीही नाही’. आत पाळत, मुस्कटदाबी, चिथावणी घेतले. ‘आठ एक जे’साठी वेगळी चौकट. ‘डिजिटल’ तसंच ठेवलंय, कृपया कुणी ‘अंकीय’ सुचवू नका. ‘कन्सेन्ट’ राहिलाच: ‘संमती’ की ‘परवानगी’? अ‍ॅपमध्ये ‘अनुमती द्या’ दिसतं.

दप्तरदार: संमती. परवानगी वरचा खालच्याला देतो.

तिखटमीठ: आणि ‘अनुमती द्या’ला नाही म्हटलं की अ‍ॅप उघडतच नाही, त्याला काय म्हणता?

जुनीवही: सक्ती.