सॅन डिएगोला जाऊन तिहुआना टाळायचं, हे पटत नाही

दर्यावर्दी :
डिसेंबर जवळ आला की आपल्या ग्रुपांवर ठरलेला प्रश्न येतो. आई-बाबा आलेत, मुलांना सुट्टी आहे, शिकागोत गारठलोय, सॅन डिएगोला काय काय बघायचं? उत्तरंही ठरलेली. झू, सीवर्ल्ड, लेगोलँड, कोरोनाडोच्या पुळणीवर फोटो, ला होयाचे सील, चला परत. ऊन, समुद्र आणि पोरांसाठी थीम पार्क तर फ्लोरिडातही मिळतात. त्यासाठी इतक्या लांब कशाला जायचं?

या शहराला वेगळेपण येतं ते सीमेमुळे. डाउनटाउनहून ब्लू लाइनची ट्रॉली, म्हणजे शहरातली हलकी रेल्वे, पकडा. पाऊणएक तासात सॅन इसिद्रो हे शेवटचं स्टेशन येतं, तिथून चालत मेक्सिकोतलं तिहुआना शहर. १९८१ साली ट्रॉली सुरू झाली तीच मुळी डाउनटाउन ते सीमा अशी, लोक तिला ‘तिहुआना ट्रॉली’च म्हणायचे. पश्चिम गोलार्धातलं सगळ्यात वर्दळीचं जमिनीवरचं नाकं हेच. घरभाडं तिकडचं आणि पगार इकडचा, असा हिशोब करून जगणारी हजारो माणसं रोज सकाळी इथून आत येतात, दप्तरं घेतलेली पोरंसुद्धा. अमेरिका कशावर चालते हे आई-बाबांना दाखवायचं असेल तर यापेक्षा चांगली जागा मला तरी माहीत नाही.

आणि भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. मग घोडं अडतं कुठे? विरोधी मतं जरूर येऊ द्या, फक्त ‘रिस्क कशाला’ एवढंच लिहून पळू नका.

चकली :
रिस्क कशाला?

आता पळत नाही, लिहिते. जाताना काहीच वाटत नाही हो, पासपोर्ट दाखवून फिरत्या दारातून गेलात की मेक्सिको. खरा प्रकार परत येताना. सुट्टीच्या दिवसात पायी रांगसुद्धा दोन-तीन तासांची होऊ शकते. त्यात गुडघेदुखीचे सासरे, दर वीस मिनिटांनी ‘शू आली’ म्हणणारी पाच वर्षांची मुलगी, आणि पुढे खिडकीतला अधिकारी सासूबाईंना इंग्रजीत विचारणार, किती दिवस राहणार, कोणाकडे राहणार. त्यांना आधीच एकदा विमानतळावर या प्रश्नांनी घाम फुटलाय, मुद्दाम दुसऱ्यांदा फोडायचा?

शिवाय तिहुआना ज्या मेक्सिकन राज्यात येतं त्या बाहा कॅलिफोर्नियासाठी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची सूचना ‘प्रवासाचा फेरविचार करा’ अशी आहे. इथल्या गाडीचा विमा तिकडे चालत नाही. आई-बाबांचा व्हिजिटर विमा चालतो का, हे किती जणांनी वाचून बघितलंय?

आणि यादीला नावं ठेवायचं काही कारण नाही. २०२४ मध्ये झूमध्ये नवे पांडा आले, यून चुआन आणि शिन बाओ. माझे सासरे त्यांच्यासमोरून हलायला तयार नव्हते. तिकीट माणशी सत्तर डॉलरच्या वर आहे, पण तो माणूस बांबू खाणाऱ्या प्राण्याकडे बघून खुदखुदत होता. मला ट्रिपकडून एवढंच हवं असतं. अमेरिका कशावर चालते ते त्यांना टीव्हीवर रोज कळतंच.

कागदवाला :
धागाकर्त्यांनी ‘व्हिसा लागत नाही’ हे एका ओळीत उरकलंय, तिथेच लोक फसतात.

मेक्सिकोला पासपोर्टवरचा व्हिसा *चालू* हवा, किंवा ग्रीनकार्ड. आपल्यापैकी निम्म्या एच-वनवाल्यांचा, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांचा, पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का कधीच संपलेला असतो, नुसत्या मंजुरीच्या कागदावर इथे मुदत वाढलेली असते. अशांना मेक्सिकोचा व्हिसा काढावा लागतो. म्हणजे बी-टू या पर्यटक व्हिसावर आलेल्या, दहा वर्षांचा शिक्का असलेल्या आई-बाबांना नाकं खुलं आणि त्यांना फिरवायला आणणाऱ्या मुलाला बंद! अशी गंमत आहे.

तीस दिवसांच्या आत परत आलात तर संपलेल्या शिक्क्यावरही आत घेण्याची सोय आहे, पण आय-९४ (अमेरिकेत राहण्याच्या मुदतीची नोंद) चालू हवं, आणि तिकडच्या अमेरिकी दूतावासात नव्या व्हिसाचा अर्ज केलात की ती सोय गेली. ग्रीनकार्डचा शेवटच्या टप्प्याचा अर्ज पडून आहे आणि तुम्ही एच किंवा एल या नोकरीच्या व्हिसांवर नाही? मग ॲडव्हान्स परोल, म्हणजे परत येण्याची आगाऊ परवानगी, घेतल्याशिवाय पाऊल बाहेर टाकलंत की अर्ज सोडून दिल्यासारखं धरतात. दोन टॅकोंसाठी फार महाग पडेल. वकिलाला विचारा, ग्रुपवर नको.

आणखी एक, सीमा न ओलांडणाऱ्यांसाठीही. लॉस एंजेलिसकडे परतताना आय-५ महामार्गावर सॅन ओनोफ्रेजवळ बॉर्डर पेट्रोलचं, म्हणजे सीमेवरच्या गस्ती दलाचं, नाकं आहे. नेहमी उघडं नसतं, असलं तर विचारतात. पासपोर्ट हॉटेलच्या बॅगेत तळाशी नको, हाताशी ठेवा.

मिरामार :
इथेच राहतो, त्यामुळे दोघांशीही भांडतो.

‘सदा ऊन’ ही जाहिरात आहे. मे आणि जूनमध्ये समुद्रावरून ढगांचा थर येतो आणि किनाऱ्यावर दुपारपर्यंत, कधीकधी दिवसभर बसून राहतो. इथले लोक त्याला ‘मे ग्रे’ आणि ‘जून ग्लूम’ म्हणतात. तेव्हाच शाळा सुटतात, तेव्हाच पाहुणे येतात आणि हुडी विकत घेऊन जातात. पाणी प्रशांत महासागराचं आहे, भर उन्हाळ्यातसुद्धा साधारण वीस अंश. अलिबागच्या हिशोबाने पोरांना पाण्यात सोडू नका. ला होयाचे सगळेच सील नाहीत, बरेचसे सी-लायन आहेत. त्यांचा वास फोटोत येत नाही.

मिडवे मात्र चुकवू नका. १९४५ ते १९९२ नौदलात असलेली विमानवाहू नौका. स्वयंसेवक गाइडांमध्ये बरेच जण निवृत्त सैनिक आहेत आणि मनापासून बोलतात. खालच्या शिड्या उभ्या आहेत, ज्येष्ठांना वरच्या दोन डेकवरच फिरवा. बल्बोआ पार्कात रविवारी दुपारी दोनला मोठ्या ऑर्गनची फुकट मैफल असते. १९१५ च्या प्रदर्शनापासूनचं वाद्य आहे ते. फुकट म्हटल्यावर बाबा खूश.

आता सीमा. दर्यावर्दी, माणसं रोजच्या कामाला जाताना रांगेत उभी असतात आणि आपण त्यांना ‘बघायला’ जायचं, हे मला खटकतं. आणि दक्षिणेकडची दुसरी बाजू तुम्ही लिहिलीच नाहीत. तिहुआना नदीतून येणाऱ्या सांडपाण्यामुळे इंपीरियल बीच महिनोन्‌महिने पोहायला बंद राहिला आहे. बॉर्डर फील्ड स्टेट पार्क, म्हणजे जिथे कुंपण थेट समुद्रात घुसतं ती जागा. पावसाळी दिवसात तिथला रस्ता पाण्याखाली जातो आणि गाड्या सोडत नाहीत. १९७१ मध्ये पॅट निक्सन यांनी तिथे उद्यानाचं उद्घाटन केलं तेव्हा मध्ये नुसती काटेरी तार होती. आज पोलादी भिंत आहे आणि नाकाला रुमाल.

दर्यावर्दी :
मिरामार, तुमच्या शेवटच्या परिच्छेदाने माझीच बाजू भक्कम केलीत. तीच भिंत तिकडून बघा. प्लायास दे तिहुआनाला भिंतीच्या पायथ्याशी लोक सहकुटुंब येऊन बसतात, भिंत रंगवलेली आहे, खाण्याची दुकानं आहेत, पोरं वाळूत खेळतात. इकडच्या बाजूला बंद रस्ता आणि गस्तीची जीप. एकाच भिंतीच्या दोन बाजूंचा हा फरक इकडे बसून कसा कळणार?

कागदवाला यांचे मुद्दे सगळे मान्य. चकलीताई, रांगेचं म्हणाल तर मधल्या वारी सकाळी लवकर जाऊन दुपारच्या आत परता. सॅन इसिद्रोला गाडी लावून चालत जा, म्हणजे विम्याचा प्रश्नच नाही. आणि सीझर सॅलड जिथे जन्मलं ते हेच शहर. १९२४ साली अमेरिकेत दारूबंदी होती, गिऱ्हाइकं सीमा ओलांडून यायची, त्या दिवसांतली गोष्ट.

चकली :
त्याच्या ड्रेसिंगमध्ये अँचोवी मासा असतो, आणि राजम्यासारख्या दिसणाऱ्या त्या घोटलेल्या बीन्समध्ये बरेचदा डुकराची चरबी. सासूबाईंना कोण सांगणार, तुम्ही?

निवृत्तबाई :
कधीची वाचते आहे. सगळे आमच्या नावाने बोलताय, आम्हाला कोणी विचारलंय का?

मी त्या ‘आई-बाबा’ गटातली. मुलाने मला गुडघे, शू आणि व्हिसा या तीन कारणांनी तिहुआनाला नेलं नाही. चकली, तुझी काळजी खोटी नाही ग. पण मी विरार लोकलने नोकरी केली आहे. उभं राहायचं कसं ते मला शिकवू नका. पांडाही बघितला. गोड आहे. अर्ध्या तासानंतर तेवढाच गोड राहतो.

मला आवडलं ते वेगळंच. कोरोनाडोचा तो उंच वळणाचा पूल आहे ना, त्याच्या खाली चिकानो पार्क आहे. पूल १९६९ मध्ये झाला तेव्हा मेक्सिकन वस्ती मधून चिरली गेली. खाली बाग होणार असं लोक समजून होते, तर सरकार पोलीस चौकी बांधायला निघालं. १९७० च्या एप्रिलमध्ये बाया-माणसं, पोरं बुलडोझरसमोर जाऊन उभी राहिली आणि जागा सोडली नाही. आता पुलाच्या खांबाखांबांवर चित्रं आहेत, सुंदर. सगळे पाहुणे वरून गाडीने कोरोनाडोला जातात, खाली कोणी उतरत नाही. दर्यावर्दी, तुमच्याच ब्लू लाइनवर बॅरिओ लोगन नावाचं स्टेशन आहे. तुमच्या धाग्यात ते नाही.

मिरामार, बघायला जाणं खटकतं म्हणता, पण अमृतसरला गेलो की वाघ्याला, त्या सीमेवरची परेड बघायला, आपण सगळे जातोच, टाळ्या वाजवतो. सॅन इसिद्रोच्या स्टेशनवर मी बाकावर तासभर बसले. परेड नाही, घोषणा नाही, बायका भाजीच्या पिशव्या घेऊन देश बदलत होत्या. मला ते वाघ्यापेक्षा बरं वाटलं.

मिरामार :
चिकानो पार्कचं पूर्ण मान्य. इथे राहून मीच पाहुण्यांना वरून घेऊन गेलोय. खटकण्याचा मुद्दा मात्र सोडत नाही. टाळ्या वाजवायला मी वाघ्यालाही जात नाही.

चकली :
काकू, नमस्कार घ्या! ट्रॉली, चिकानो पार्क, सॅन इसिद्रोचा बाक, इथपर्यंत मी तयार. पोरीला ट्रॉलीत मजाच येईल. पलीकडे मात्र पुढच्या वेळी, ती रांगेत उभी राहण्याएवढी झाली की. नवऱ्याचा शिक्का संपलाय, त्यामुळे तसाही तो इकडेच बसणार.

कागदवाला :
मग तुम्ही आणि सासरे जा, तो मुलीला घेऊन बाकावर बसेल. तुमचा शिक्का चालू आहे ना?

चकली :
आहे. आता सासऱ्यांना विचारते, काकू म्हणतात तसं. ते पांडाच म्हणणार, बघाच तुम्ही.

नवखा :
एक शंका. तिहुआनाच्या विमानतळावर अमेरिकेच्या बाजूने थेट पूल आहे म्हणतात. रांग टाळायला तो वापरता येईल का?

कागदवाला :
नाही. ओटाय मेसाचा तो पूल २०१५ पासून आहे, पण फक्त तिहुआनाहून उडणाऱ्या किंवा तिथे उतरलेल्या प्रवाशांसाठी. विमानाचं तिकीट आणि पुलाचं वेगळं तिकीट, दोन्ही लागतात.