‘य-आंतरछेद’ : सुरुवात म्हणायचं, आरंभ की मुद्दल?

खानापूरचा शिकवणीवाला : परवा पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) मुलांना गणित घातलं. ‘2011 पासून क्ष वर्षांनी गावाची लोकसंख्या 800 × (1.05)^क्ष होते. आलेखाच्या य-आंतरछेदाचा अर्थ सांगा.’ म्हणजे आलेख उभ्या य-अक्षाला जिथं छेदतो, तिथल्या किमतीचा. एकीनं लिहिलं, ‘गाव वसलं तेव्हा 800 माणसं होती.’ दुसऱ्यानं, ‘पहिल्या वर्षी 800.’ तिसऱ्यानं चक्क 0. विचारलं तर म्हणतो, ‘सर, सुरुवात म्हणजे आरंभबिंदू की, तिथं शून्यच असतंय!’ आता चूक त्याची म्हणायची की शब्दाची?

टिळकवाडीच्या बाई : शब्दाची थोडी आहेच. मराठी माध्यमात (0, 0) ला आरंभबिंदू म्हणायला आपणच शिकवतो आणि पुढं ‘आंतरछेद म्हणजे आरंभीची किंमत’ असंही आपणच सांगतो. मुलानं दोन्ही आरंभ एक केले. आंतरछेद मात्र त्यानं दहावीतही ऐकलेला असतो: तीन समांतर रेषांनी छेदिकेवर केलेले आंतरछेद. तिथं तो दोन रेषांमधला तुकडा. इथंही तुकडाच, आरंभबिंदूपासून आलेख य-अक्षाला जिथं छेदतो तिथपर्यंतचा. फक्त वर गेला तर धन, खाली गेला तर ऋण. फळ्यावर तो तुकडा रंगीत खडूनं ओढून दाखवा, मग 0 कुणी लिहिणार नाही.

निपाणीकर : मी सोसायटीत हिशेब लिहिण्यात आयुष्य काढलेला माणूस. मला यात अडचण दिसत नाही. 10000 रुपये, दरसाल 8 टक्के चक्रवाढ: 10000 × (1.08)^क्ष. आंतरछेद म्हणजे मुद्दल. आमच्याकडं कानडी खातेदार असलु म्हणतात, व्याजाला बड्डी. असलु केवढं, बड्डी केवढी, एवढं विचारलं की शेतकऱ्यालाही कळतंय. 1.08 ला मुद्दल म्हणणारा अजून भेटला नाही.

खानापूरचा शिकवणीवाला : काका, व्याजाला मुद्दल छानच. पण 400 मिलिग्रॅमची गोळी दर तासाला अंगात पाचवा हिस्सा कमी होते, तिथं ‘औषधाचं मुद्दल’ म्हणायचं का? आणि 1.05 लाच सुरुवात समजणारी पोरं माझ्याकडं दरवर्षी दोन-चार तरी असतात.

टिळकवाडीच्या बाई : शिवाय मुद्दल म्हटलं की मुलं गुणकाच्या आधीचा आकडा डोळे झाकून उचलतात. चहाचं तापमान 25 + 60 × (0.9)^क्ष असेल तर? 60 नव्हे, 85. क्षच्या जागी 0 घातला की (0.9)^0 ची किंमत 1 होते, 60 राहतात, त्यात खोलीचे 25 मिळतात. चहा ओतला त्या क्षणी 85 अंश. आकडा आधी काढायचा, नाव नंतर ठेवायचं.

निपाणीकर : हे बरोबर. आणि ‘पहिल्या वर्षी’चं काय? आमच्याकडं पहिलं वर्ष संपलं की 10800 होतात, 10000 नव्हे.

टिळकवाडीच्या बाई : त्यातच निम्मी पोरं घसरतात. मराठीत मोजणी पहिल्यापासून, शून्यावं वर्ष कुणी म्हणत नाही. उलट 500 × 2^(क्ष−1) असं दिलं आणि क्ष हा दिवसाचा क्रमांक असला, तर पहिल्या दिवशी 500 आणि आंतरछेद 250, म्हणजे आदल्या दिवशीचे. तेव्हा मोजणी कुठून सुरू झाली ते प्रश्नातून शोधा. तुमच्या गणितात 2011. गाव कधी वसलं ते गणिताला ठाऊकच नाही. आणि उत्तरात एककं घातल्याशिवाय मी मार्क देत नाही.

खानापूरचा शिकवणीवाला : म्हणजे आदर्श उत्तर, ‘2011 साली गावात 800 माणसं होती.’ आंतरछेद, आरंभ, मुद्दल, एकही शब्द त्यात नाही! शून्यवाल्याला मी एक मार्क दिलाय. क्ष शून्य घ्यायचा, इथपर्यंत तरी तो बरोबर आला होता.