मदत हवी आहे : ड्युटी बदलताना रुग्णाची माहिती राहून जाऊ नये यासाठी

कोल्हापुरातील एका रुग्णालयात मी परिचारिका आहे. गेल्या आठवड्यात कर्नाटकातल्या चिक्कोडीकडच्या एका आजींना पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असल्याची नोंद जुन्या केसपेपरवर होती, पण रात्रपाळीला मला हँडओव्हर देताना, म्हणजे रुग्णांची माहिती सोपवताना, ती सांगायची राहून गेली आणि पेनिसिलिनचे इंजेक्शन भरून झाल्यावर आजींच्या सुनेने माझा हात धरला, म्हणूनच अनर्थ टळला. तो प्रसंग अजून डोळ्यांपुढून हलत नाही. सद्यस्थिती, पूर्वेतिहास, मूल्यमापन आणि शिफारस या क्रमाने माहिती देण्याची, मुळात अमेरिकी नौदलातून रुग्णालयांत आलेली 'एसबार' पद्धत आम्हाला मराठीत एका पानावर बसवायची आहे. असा तक्ता कोणी वापरत असल्यास कृपया नमुना द्यावा. शिवाय फक्त कन्नड बोलणाऱ्या रुग्णांकडून औषधांची माहिती त्यांच्याच शब्दांत परत वदवून घेण्यासाठी आपण काय करता, तेही कळवावे.